कार्सिनीची जीभ : ‘कोलंबो’च्या एका भागावरील आक्षेपांना वाइनरीतून उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘कोलंबो’ या जुन्या अमेरिकी गुन्हेमालिकेतील ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’ हा भाग आपण अलीकडे पाहिला, त्यावरची इतर प्रेक्षकांची मते वाचली, आणि ती दोन टोकांची निघाली. काहींच्या मते सबंध मालिकेत याहून सरस भाग नाही. काहींच्या मते खुनी ज्या पुराव्यावर पकडला जातो तो पुरावाच शास्त्रात बसत नाही आणि त्यामुळे शेवट कोसळतो. वाइन उष्णतेने खरोखर अशी बिघडते का, ती बिघडल्याचे एका घोटात ओळखता येते का, आणि बंद तळघरातील वातानुकूलन थांबवल्याने माणूस गुदमरून मरतो का, हे तीन प्रश्न आपण वाइनच्या व्यवसायातील माणसाला विचारले आहेत. मी २२ वर्षे नाशिक जिल्ह्यातील वाइनरींमध्ये तळघर सांभाळण्याचे आणि वाइन चाखून पारखण्याचे काम केले आहे. हा भाग मी चार-पाच वेळा पाहिला आहे, तोही दर वेळी थांबवून थांबवून, त्यामुळे उत्तर लांबेल याची कल्पना आधीच देतो. उत्तरात खुनी, खून आणि शेवट सगळेच उघड होणार आहे. मात्र ‘कोलंबो’मध्ये खून कोणी केला हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवलेले असते आणि खरा रस पकडण्याच्या रीतीत असतो, म्हणून त्याने फारसे बिघडत नाही.

ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा सांगतो. ७ ऑक्टोबर १९७३ रोजी एनबीसी वाहिनीवर तो प्रथम दाखवला गेला. दिग्दर्शक लिओ पेन, कोलंबोच्या भूमिकेत पीटर फॉक आणि खुनी एड्रियन कार्सिनीच्या भूमिकेत डोनाल्ड प्लेझन्स. एड्रियन कॅलिफोर्नियात वडिलार्जित वाइनरी चालवतो. आपल्या वाइनवर त्याचा जीव आहे आणि नफ्याची त्याला पर्वा नाही. जमिनीची आणि वाइनरीची मालकी मात्र त्याचा सावत्र भाऊ रिक याच्याकडे आहे, आणि तो ती स्वस्त, घाऊक वाइन बनवणाऱ्या कंपनीला विकायला निघाला आहे. हे कळताच संतापाच्या भरात एड्रियन त्याच्या डोक्यात वस्तू घालतो, बेशुद्ध रिकला बाटल्यांच्या तळघरात बांधून टाकतो, तेथील वातानुकूलन बंद करतो आणि आपली सचिव कॅरेन फिल्डिंग हिच्यासह न्यूयॉर्कला वाइनच्या लिलावासाठी निघून जातो. परत आल्यावर मृतदेहाला पाणबुड्याचा पोशाख चढवून तो समुद्रात लोटतो, म्हणजे पाण्याखाली हवा संपून मृत्यू आला असे दिसावे. नेमक्या त्याच काळात तेथे भयंकर ऊन पडलेले असते. शेवटी कोलंबो एड्रियन आणि कॅरेन यांना जेवायला नेतो, १९४५ सालची एक दुर्मीळ व्हिंटेज पोर्ट (एकाच निवडक सालच्या द्राक्षांची गोड, तीव्र पोर्तुगीज वाइन) मागवतो, आणि पहिल्याच घोटाला एड्रियन सगळ्या उपाहारगृहासमोर भडकतो की ही वाइन अति उष्णतेने नासली आहे. ती बाटली कोलंबोने त्याच्याच तळघरातून न सांगता उचललेली असते.

आता शास्त्राकडे येतो. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो.

गुदमरण्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण लेखकांची सर्वांत मोठी चूक तिथे आहे. तळघरातील वातानुकूलन यंत्र आतलीच हवा ओढून, थंड करून आतच सोडते. ताजी हवा आणणे हे त्याचे काम नाही. तेव्हा ते बंद केल्याने खोली तापेल, पण हवा त्यामुळे संपणार नाही. ढोबळ हिशेब करून पाहा. तळघर १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच धरले तर आत १८० घनमीटर, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर हवा असते. निपचित पडलेला माणूस तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्या हवेत या वायूचे प्रमाण ५ टक्क्यांवर, म्हणजे खऱ्या धोक्याच्या पातळीपर्यंत जायला ९ हजार लिटर लागतील, आणि तेवढे साठायला ६०० तास, म्हणजे २५ दिवस जावे लागतील; तेही फटीतून अजिबात हवा येत नाही असे मानले तर. पाण्याविना बांधून ठेवलेला माणूस त्याच्या कितीतरी आधी तहानेने आणि डोक्यावरच्या जखमेने दगावेल. शवविच्छेदनात रिकने दोन दिवस काही खाल्ले नव्हते असे निघते, आणि उपाशी पोटी समुद्रात बुडी मारायला कोण जातो, असा रास्त प्रश्न कोलंबो विचारतो. परंतु शरीरातले पाणीही आटलेले होते हे त्याच शवविच्छेदनात निघायला हवे होते, आणि पाणबुड्याच्या अपघाताची कथा तिथेच संपली असती.

एक गोष्ट येथे ओघाने सांगावीशी वाटते. वाइनरीत माणूस खरोखर गुदमरतो, पण तो बाटल्यांच्या तळघरात नव्हे, तर आंबवणाच्या टाकीपाशी. द्राक्षरसातील साखरेचे अल्कोहोल होताना एक लिटर रसातून ५० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी आणि जमिनीलगत साचून राहतो. आमच्याकडे जानेवारी ते मार्च या हंगामात नव्या कामगाराला पहिली सूचना हीच असते की टाकी रिकामी दिसली तरी आत डोके घालायचे नाही. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून तो विझतो का हे पाहण्याची जी पद्धत आपल्या गावांमध्ये होती, तीच गोष्ट आम्ही आता वायुमापकाने करतो. लेखकांनी रिकला ऐन हंगामात आंबवणाऱ्या टाक्यांच्या खोलीत टाकले असते आणि हवा खेळती ठेवणारे पंखे बंद केले असते, तर काही तासांत घडणारा, शास्त्रशुद्ध मृत्यू त्यांच्या हाती आला असता. मात्र मग बाटल्या तापल्या नसत्या आणि शेवटचा सापळा उरला नसता. त्यांनी सापळा राखला आणि मृत्यूचे कारण ढिले सोडले.

दुसरा मुद्दा उष्णतेचा, आणि तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. वाइन साठवण्याचे योग्य तापमान १२ ते १५ अंश सेल्सिअस, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते वर्षभर स्थिर हवे. तापमान १० अंशांनी वाढले की बाटलीतल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. ३० अंशांच्या वर वाइनचे वय अकाली वाढू लागते, आणि ४० अंशांच्या आसपास द्रव प्रसरण पावून बूच वर ढकलतो. परंतु हे सगळे बाटलीच्या आतल्या द्रवाच्या तापमानाबद्दल आहे. बाहेरचे तापमान आणि बाटलीचे तापमान यांच्यामध्ये जाड भिंती असतात आणि हजारो बाटल्यांमधला द्रवाचा प्रचंड साठा असतो. तो साठा मंद गतीने तापतो आणि मंद गतीने निवतो. एका एप्रिलमध्ये, बाहेर पारा ४१ अंशांवर असताना, आमच्या तळघराचा चिलर, म्हणजे थंड करणारे यंत्र, तीन दिवस बंद पडला होता. दगडी भिंतींचे, अर्धे जमिनीखाली असलेले ते तळघर १४ अंशांवरून तीन दिवसांत जेमतेम १८ अंशांवर गेले. मी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, तापमापक पाहत होतो, आणि खरे सांगायचे तर हिशेब पाठ असूनही जिवाला घोर लागला होता. त्या साठ्यातील एकही बाटली बिघडली नाही.

यावरून एड्रियनच्या तळघराचा अंदाज बांधता येईल. त्याचे तळघर पत्र्याचे शेड नाही. चांगले बांधलेले, दुर्मीळ बाटल्यांसाठी मुद्दाम राखलेले तळघर आहे. कडक उन्हाच्या एखाद्या दिवसाने, किंवा सलग काही दिवसांनीही, तेथील सगळी वाइन नासणे मला शक्य वाटत नाही. ती थोडी तापेल, तिचे आयुष्य काही महिन्यांनी घटेल, इतकेच. आणि त्यातही पोर्ट! गोव्याच्या दुकानांतून स्वस्तात मिळणारी गोड लाल ‘पोर्ट वाइन’ येथे मनात आणू नये. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. आंबवण अर्ध्यावर असतानाच तीत द्राक्षाचा तीव्र मद्यार्क घालतात. त्यामुळे आंबवण थांबते, बरीच साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जाते. साखर आणि अल्कोहोल दोन्ही इतके असल्यामुळे ही वाइन साध्या वाइनपेक्षा कितीतरी चिवट असते. तिच्याच जातकुळीतली मदेरा तर मुद्दाम ४५ ते ५० अंश तापमानात किमान तीन महिने ठेवून तयार करतात. उष्णतेने सर्वांत आधी कोणती वाइन मरते असे मला विचारले तर मी हलकी, फळांच्या वासाची पांढरी वाइन सांगेन, आणि पोर्टचे नाव यादीच्या अगदी शेवटी घेईन.

मग लेखकांनी पोर्टच का निवडली? एक कारण नावात आहे. वादळात सापडलेल्या गलबताला कोणतेही बंदर चालते, अशा अर्थाची इंग्रजी म्हण आहे, आपल्या ‘बुडत्याला काडीचा आधार’च्या जवळची; इंग्रजीत बंदर आणि ही वाइन या दोहोंना एकच शब्द असल्याने त्यावर कोटी साधली आहे. दुसरे कारण जेवणाच्या क्रमात आहे: पोर्ट जेवणाच्या शेवटी येते, म्हणजे सगळे जेवण उत्तम पार पडल्यावर, पाहुणा निर्धास्त झाल्यावर. आणि १९४५ हे साल लेखकांनी उगाच घेतलेले नाही. पोर्टच्या इतिहासात ते खरोखरच थोर साल मानले जाते. १९७३ मध्ये ती बाटली २८ वर्षांची होती, म्हणजे व्हिंटेज पोर्टच्या दृष्टीने नुकतीच रंगात आलेली.

येथवर मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने बोललो. पण एवढ्यावरून शेवट कोसळतो असे जे म्हणतात, त्यांच्याशी माझे पटत नाही, आणि त्याचे कारण आपल्या तिसऱ्या प्रश्नात आहे: एका घोटात हे ओळखता येते का?

येते. तापलेली वाइन कशी असते ते जवळून सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. बाटली हातात घेतली की आधी बुचावरची पत्र्याची टोपी दोन बोटांनी फिरवून पाहावी. चांगल्या बाटलीची टोपी बहुधा सहज फिरते. बाटली तापून द्रव बुचाच्या कडेने झिरपला असेल तर तो टोपीच्या आत वाळून चिकटतो आणि टोपी जागची हलत नाही. टोपी काढली की बूच काचेच्या काठापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर आलेले दिसते आणि त्याच्या अंगावर लाल-काळी रेघ असते. पेल्यात ओतल्यावर पांढऱ्या वाइनचा रंग गवती पिवळ्यावरून जुन्या तुपाच्या रंगाकडे सरकलेला असतो. लाल वाइनच्या कडेला विटकरी झाक येते. वास ताज्या फळाचा राहत नाही. तो शिजवलेल्या फळाचा होतो: मोरावळ्याचा, भाजलेल्या मनुकांचा, कढई बुडाला लागू लागलेल्या गुळांब्याचा. चवीतली धार गेलेली असते आणि घोट गिळल्यानंतर तोंडात काहीच रेंगाळत नाही. ज्याने हे एकदा शिकून घेतले त्याला ते पुन्हा ओळखायला दोन क्षण पुरतात.

परंतु शिकून घेतलेले लोक फार थोडे असतात, आणि या भागाचे मर्म माझ्या मते येथेच आहे. काही वर्षांपूर्वी आमची ६० पेट्या पांढरी वाइन विदर्भात पाठवली होती. वाहतूकदाराने ती एप्रिलच्या उन्हात दोन दिवस पत्र्याच्या गोदामात उभ्या ट्रकमध्ये तशीच ठेवली. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. माल पोहोचला, विकला जाऊ लागला, आणि तीन आठवड्यांनी मी त्या बाजूला गेलो असताना जेवणाच्या टेबलावर त्यातलीच बाटली उघडली गेली. पेला नाकाशी नेताच मी तो खाली ठेवला. यजमानांसमोर, चारचौघांत, माझ्या तोंडून निघून गेले की ही वाइन मेली आहे, ती कोणी पिऊ नका. टेबलावरचे सगळे थक्क झाले, कारण त्यांना ती आवडली होती. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की तोवर १४ पेट्या विकल्या गेल्या होत्या आणि एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती.

त्या संध्याकाळनंतर मी हा भाग पुन्हा पाहिला आणि एड्रियनच्या ओरडण्याकडे माझे वेगळ्याच तऱ्हेने लक्ष गेले. तोवर मला तो प्रसंग थोडा भडक वाटत असे. आता वाटत नाही. कोलंबोचा सापळा वाइनच्या रसायनावर उभा नाही. तो त्या टेबलावर बसलेल्या एकाच माणसाच्या जिभेवर उभा आहे. तीच बाटली दुसऱ्या कोणासमोर ठेवली असती तर त्याने वाहवा केली असती आणि बिल दिले असते. पोर्टमध्ये उष्णतेचा दोष ओळखणे अधिक अवघड, कारण तिच्या चवीत मुळातच मनुका आणि शिजल्या साखरेच्या छटा असतात. आणि म्हणूनच तो ओळखणारा माणूस अधिक विरळा. मघाशी मी जी गोष्ट लेखकांची शास्त्रीय चूक म्हणून दाखवली, तीच कथेत अशा रीतीने त्यांच्या कामी येते. एड्रियन गप्प राहिला असता तर सुटला असता. आपली वाइन आपल्याच जिभेने ओळखून तो आपल्याविरुद्ध साक्ष देतो, आणि ती साक्ष न देणे त्याला शक्यच नसते. चाळीस वर्षे ज्याने जिभेला खोटे बोलू न देण्याचे वळण लावले, तो एका रात्रीसाठी ते वळण मोडू शकत नाही. चाखण्याचे काम करणारा प्रत्येक माणूस हे मान्य करील.

तपासासाठी कोलंबो वाइनची माहिती करून घेतो; त्या अभ्यासाविषयीही काही प्रेक्षकांनी शंका घेतली आहे: इतक्या थोड्या वेळात वाइन शिकता येते का? चाखणे शिकता येत नाही. पण तो चाखणे शिकत नाहीच. तो शब्द शिकतो, क्रम शिकतो, कशाबरोबर काय घ्यावे हे शिकतो, आणि मुख्य म्हणजे या लोकांना कशाचा अभिमान आहे हे शिकतो. नवा माणूस आमच्याकडे कामाला आला की पहिल्या दोन दिवसांत तोही एवढेच शिकतो. पोलिसाला तेवढे पुरेसे आहे.

पुरावा न्यायालयात टिकला असता का, हाही आक्षेप वारंवार घेतला जातो, आणि तो योग्य आहे. झडतीच्या परवान्याशिवाय उचललेली बाटली अमेरिकी न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करणे कठीण, आणि तापलेल्या वाइनवरून खून सिद्ध होत नाही. फार तर तळघराचे वातानुकूलन त्या दिवसांत बंद होते एवढेच सिद्ध होते. त्याखेरीज उघड्या टपाच्या मोटारीचा मुद्दा आहे. रिकची मोटार समुद्रकाठी दिवसेंदिवस उभी होती असे मानायचे, तर मधल्या काळात पाऊस पडूनही तिच्यावर पाण्याचे डाग का नाहीत, असे कोलंबो विचारतो. तो मुद्दा वाइनपेक्षा भक्कम आहे, आणि प्रेक्षक त्याची आठवण फारशी काढत नाहीत याचे मला नवल वाटते.

पण न्यायालयाची वेळ येतच नाही, कारण त्याआधी एड्रियन आपल्या हाताने आपला संग्रह समुद्रात फेकत असतो. ज्या किनाऱ्यावरून भावाचे प्रेत लोटले तिथेच तो बाटल्या एकेक करून भिरकावतो, आणि तिथेच कोलंबो त्याला गाठतो. काही प्रेक्षकांना हे अतिरंजित वाटले. तळघरातल्या बाटल्या मुकाट्याने तशाच राहू दिल्या असत्या तर काय बिघडले असते, असे ते विचारतात. व्यवहाराने पाहिले तर ते बरोबर आहेत. परंतु लिलावाचा प्रसंग आठवून पाहा. पाच हजार डॉलरची बाटली घेतल्यावर, इतक्या महागड्या बाटलीची खरी गरज कोणालाच नसते, ती दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये एवढेच आपल्याला हवे होते, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलतो. असा माणूस नासलेल्या बाटल्या मांडून ठेवू शकत नाही. आमच्या त्या ४६ परत आलेल्या पेट्या मी स्वतः उघडल्या. पाचशेच्या वर बाटल्या होत्या; दोन मदतनीस आणि मी मिळून त्या सांडपाण्याच्या चरात ओतल्या, आणि दुपारभर सगळ्या अंगणाला गुळांब्याचा वास येत होता. एका मदतनीसाने विचारले की साहेब, पिणाऱ्यांना कळत नाही तर विकत का नाही? त्याला मी काही उत्तर दिले नाही, पण ओतणेही थांबवले नाही.

कॅरेन फिल्डिंगविषयी मात्र मी टीका करणाऱ्या प्रेक्षकांच्या बाजूने आहे. जुली हॅरिस या थोर अभिनेत्रीने ती भूमिका इतक्या संयमाने केली आहे की लेखनातला अन्याय अधिकच बोचतो. रिक निघून जाताना आपण पाहिला असे खोटे सांगून ती एड्रियनला वाचवते, आणि नंतर त्या खोट्याच्या बदल्यात लग्नाची अपेक्षा धरते. एड्रियनला तुरुंग त्यापेक्षा बरा वाटतो आणि प्रेक्षकांनी त्याला साथ द्यावी अशी कथेची अपेक्षा आहे. मला ती देता येत नाही. वाइनरीत अशी एक बाई बहुधा असतेच, जी हिशेब, परवाने, लिलावाची पत्रे, मालकाच्या तऱ्हा असे सगळे सांभाळते आणि जिचे नाव कोणत्याही बाटलीवर येत नाही. कॅरेनने वर्षानुवर्षे हे केले आहे. तिने जे मागितले ते चुकीच्या मार्गाने मागितले हे मान्य. पण दीड तासाच्या कथेत तिच्या कष्टांविषयी एक वाक्य तरी यायला हवे होते.

एड्रियनबद्दल प्रेक्षकांना वाटणारी सहानुभूती पुष्कळांना खटकते. त्याने रक्ताच्या नात्यातल्या तरुणाला हालहाल करून मारले, आणि आपण त्याच्यासाठी हळहळतो हे बरे नव्हे, असे ते म्हणतात. माझे मत असे की दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, आणि हा भाग त्या दोन्ही धरून ठेवतो म्हणूनच तो पन्नास वर्षांनी पाहावासा वाटतो. शिवाय एड्रियनची भीती पोकळ नव्हती, हे त्या काळाकडे पाहिले की कळते. १९७०च्या सुमाराला कॅलिफोर्निया काचेच्या मोठ्या बुधल्यांतून विकल्या जाणाऱ्या स्वस्त वाइनसाठी ओळखला जात होता. उत्तम वाइन बनवण्याचा ध्यास घेतलेली माणसे तेथे मूठभर होती. हा भाग ऑक्टोबर १९७३ मध्ये दाखवला गेला. त्याच हंगामात कॅलिफोर्नियात खुडलेल्या द्राक्षांपासून नापा खोऱ्यात बनलेल्या दोन वाइन, स्टॅग्ज लीपची लाल कॅबर्ने आणि शातो माँटेलीनाची पांढरी शार्डोने, २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये लेबले झाकून झालेल्या परीक्षेत फ्रान्सच्या नामवंत वाइनना मागे टाकून पहिल्या आल्या, आणि परीक्षक फ्रेंचच होते. पडद्यावर एड्रियन आपली वाइनरी घाऊकवाल्यांच्या हाती जाताना पाहत होता, त्याच आठवड्यांत त्याच राज्यात त्या वाइन टाक्यांमध्ये आंबत होत्या किंवा नुकत्याच आंबून झाल्या होत्या. हा योगायोग लेखकांना ठाऊक असणे शक्य नव्हते. मला तो प्रत्येक वेळी आठवतो.

आपल्याला स्वतः पडताळून पाहायचे असेल तर खर्च फार नाही. एकाच वाइनरीच्या, एकाच सालाच्या पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एक थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवावी आणि दुसरी मे महिन्यात आठ दिवस उन्हातल्या मोटारीच्या डिकीत. नंतर दोन्ही सारख्याच थंड करून, कोणती कुठली हे दुसऱ्या कोणाला लक्षात ठेवायला सांगून, शेजारी शेजारी चाखाव्यात. शेजारी ठेवल्या तर फरक बहुतेकांना कळतो. तापलेली एकटीच समोर आली तर बहुतेकांना कळत नाही.

आपण विचारले नव्हते, तरी शेवटच्या प्रसंगाबद्दल थोडे लिहितो. अटक झाल्यावर कोलंबो एड्रियनला आपल्या जुन्या प्युजो मोटारीत बसवतो, त्याच्याच वाइनरीपाशी थांबतो आणि बरोबर आणलेली एक बाटली काढतो. ती इटलीतील मोंतेफियास्कोनेची, जेवणानंतर घेण्याची वाइन असते. एड्रियन तिच्याकडे पाहतो आणि कोलंबो फार चांगले शिकला असे म्हणतो. कोलंबो त्याचे मनापासून आभार मानतो. या प्रसंगात पोलिसाने गुन्हेगाराशी इतके सौजन्य दाखवू नये असे काही प्रेक्षक म्हणतात. पण ज्याने तीस-चाळीस वर्षे इतरांना वाइन ओतून दिली, त्याला ती योग्य पेल्यात, योग्य वेळी आणि न बिघडलेली अशी कोणी तरी ओतून देत आहे, एवढेच तिथे घडते. पहिला घोट घेण्याआधी एड्रियन पेल्याकडे पाहतो ते अगदी क्षणभर; प्लेझन्सने ते ज्या सवयीने केले आहे तसे आमच्या तळघरात रोज सकाळी कोणीतरी करत असते.